मुलाखतीची रांग

मुंबईत सात रस्त्याजवळच्या आर्थर रोडला साने गुरुजींचं नाव देऊन बरीच वर्षं झाली. तुरुंगाला मात्र लोक अजून आर्थर रोडच म्हणतात. कागदोपत्री ते मुंबई मध्यवर्ती कारागृह. मुलाखतीच्या दिवशी इथल्या भिंतीलगत सकाळपासून माणसं जमू लागतात. त्यांत बायका जास्त. कुणी गोवंडीहून आलेली, कुणी मुंब्र्याहून, कुणी रात्रीची गाडी धरून थेट गावाकडून. हातात आधार कार्ड, पिशवीत धुतलेले कपडे, कडेवर पोर. नंबर लागला की काचेच्या अलीकडे बसायचं, इंटरकॉमचा रिसीव्हर कानाला लावायचा आणि मोजक्या मिनिटांत सगळं बोलून घ्यायचं. वकील काय म्हणाला, पुढची तारीख कधीची, भाडं किती थकलंय, थोरली शाळेत जाते की नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला या भेटीसाठी चारही घरी खाडा करावा लागतो. असे खाडे वाढले की कामही जातं.

मराठी वाचकाला तुरुंग परका नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढलं. टिळक, गांधी, सावरकर, साने गुरुजी अशा नावांमुळे तुरुंगाला आपल्याकडे एक तेज आलं. त्या तेजात साधा कैदी कधी दिसलाच नाही. मारामारीत, चोरीत किंवा घरगुती भांडणातून झालेल्या गुन्ह्यात पकडला गेलेला माणूस, आणि त्याच्यामागे उघड्यावर पडलेलं घर, यांची नोंद आपल्या साहित्यात तुरळक आणि सार्वजनिक चर्चेत त्याहून तुरळक आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आतल्यांपैकी ४,३४,३०२ जणांवरचा खटला अजून संपलेला नव्हता. म्हणजे दर चारांतले तीन कच्चे कैदी. कायद्याच्या नजरेत हे सगळे निर्दोष, कारण त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. पण घराचा हप्ता, किराणा, म्हातारीचं औषध यांना निकालाची वाट पाहता येत नाही. अटकेच्या दिवसापासूनच घराची शिक्षा सुरू होते आणि तिला कुठलंही न्यायालय मुदत ठरवून देत नाही.

अटक झालेल्या माणसाच्या घरी पुढे काय होतं, हे या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं पाहत आलेत. कमाई थांबते. वकिलासाठी आधी दागिने जातात, मग गावाकडची शेळी किंवा जमिनीचा तुकडा. चाळीत कुजबुज सुरू झाली की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. मोठा मुलगा शाळा सोडून गॅरेजात किंवा नाक्यावर कामाला लागतो. धाकट्यांना सांगितलं जातं, बाबा दुबईला गेलेत, बाबा मोठ्या कामावर आहेत. मुलांना खरं बहुधा शाळेत, दुसऱ्या पोरांच्या तोंडून कळतं.

या घरांपर्यंत पोहोचण्याचं काम मुंबईत १९९० पासून ‘प्रयास’ करत आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा हा क्षेत्रीय प्रकल्प. त्याची उभारणी प्राध्यापक सनोबर साहनी यांनी केली. नंतरची अनेक वर्षं प्राध्यापक विजय राघवन यांनी त्याची धुरा वाहिली. देवनारच्या या संस्थेतले प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आर्थर रोडच्या तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा कैद्यांमध्ये समाजकार्य ही कल्पनाच नवी होती. तुरुंगात धर्मोपदेशक येत, सणाला फराळ वाटणारे येत, योग शिकवणारे येत. प्रत्येक बराकीत जाऊन ‘तुझ्या घरी कळलंय का?’ एवढं विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. मुंबईत पकडला जाणारा माणूस अनेकदा बाहेरगावचा असतो. फोन पोलिसांनी जप्त केलेला, नंबर पाठ नाही. गावात फोन असतो तो शेजारच्या किराणा दुकानदाराकडे. घरच्यांना वाटत राहतं, पोरगा कामात आहे, पैसे पाठवील. बाई पकडली गेली असेल तर तिची मुलं शेजारणीकडे राहिलेली असतात, नाहीतर खोलीला कुलूप लागून मुलं कुठे गेली हेच कुणाला ठाऊक नसतं. मग कार्यकर्ता गावाचं नाव, तालुका, पोस्ट, सरपंचाचं आडनाव अशा धाग्यांवरून शोध घेतो. पत्र जातं, फोन होतात, कधी प्रत्यक्ष फेरीही होते. ठेकेदाराकडे अडकलेली मजुरी मागायची, पोलीस ठाण्यात जमा झालेली कागदपत्रं सोडवायची, आजारी आईला रुग्णालयात न्यायचं, ही कामं कुठल्याच खात्याच्या यादीत नाहीत. ‘प्रयास’च्या लोकांनी ती आपली मानली. पुढे भायखळ्याचं महिला कारागृह, ठाणे, कल्याण, लातूर आणि गुजरातेत भरूच असा पसारा वाढत गेला. पोलीस ठाणी, न्यायालयं आणि महिलांची व भिकाऱ्यांची सरकारी निवारागृहं इथेही ही माणसं बसू लागली. अमरावतीत ‘वऱ्हाड’ ही संस्था बंद्यांच्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी असंच काम करते. नागपूर आणि पुण्याच्या मध्यवर्ती कारागृहांत दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या उपक्रमातून वकील आणि समाजकार्यकर्त्यांच्या जोड्यांनी कच्च्या कैद्यांचे खटले हाती घेतले.

जोडी महत्त्वाची, कारण कैद्याचा प्रश्न फार क्वचित निव्वळ कायद्याचा असतो. मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला दिलेला आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. पण वकिलाला कैदी सापडला पाहिजे, कैद्याला वकिलाचं नाव कळलं पाहिजे, तारखेला पोलीस बंदोबस्त मिळून तो न्यायालयात पोहोचला पाहिजे आणि जामीन झालाच तर बाहेर कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. यातली एक कडी निखळली की हक्क कागदावरच राहतो. ती कडी कुठे निखळली ते शोधून पुन्हा बसवायला कुणीतरी माणूस लागतो, आणि तो नेमणं ही आजवर कुणाचीच जबाबदारी झालेली नाही.

शेवटची कडी तर फारच कच्ची आहे.

न्यायाधीश जामीन देतात आणि सांगतात, पंधरा हजारांचा एक जामीनदार द्या. निकाल ऐकणाऱ्याला वाटतं, सुटला. प्रत्यक्षात इथून वेगळाच प्रवास सुरू होतो. जामीनदाराकडे रेशन कार्ड हवं, पत्त्याचा पुरावा हवा, पगाराची स्लिप किंवा ऐपतीचा दाखला हवा. तो दाखला तहसील कचेरीतून आणायचा आणि मग त्याची पडताळणी. फुटपाथवर राहणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या, भाड्याच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत असा कागदवाला माणूस नसतो. असला तरी तो दुसऱ्याच्या पोरासाठी आपला सातबारा का अडकवील?

सर्वोच्च न्यायालयाला हे १९७८ मध्येच दिसलं होतं. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला जामीन मिळाला, पण दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं. कारण काय, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आदेश फिरवला, रक्कम एक हजारावर आणली आणि परक्या जिल्ह्याचा म्हणून आपल्याच देशातला माणूस नाकारणाऱ्या वृत्तीला खडे बोल सुनावले. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या हुसैनारा खातून प्रकरणात, आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ आत काढलेली माणसं देशासमोर आली. त्याला आता साडेचार दशकं उलटली. २०२२ च्या अखेरीस जामीन मंजूर होऊनही तुरुंगातच असलेल्या ५,०२९ जणांची यादी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. त्यातले ७०३ महाराष्ट्रातले होते.

या ७०३ जणांच्या शेजारी एक दुसरं प्रकरण ठेवून पाहायला हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका बड्या सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला. जामीनदार म्हणून एक नामवंत अभिनेत्री स्वतः सत्र न्यायालयात आली. तरीही त्या तरुणाला आणखी एक रात्र आत काढावी लागली, कारण सुटकेचे कागद आर्थर रोडच्या दारावरच्या जामीनपेटीत वेळेत पडले नाहीत. ती पेटी ठरावीक वेळीच उघडली जाते, हे त्या दिवशी दूरचित्रवाणीमुळे साऱ्या देशाला कळलं. रांगेतल्या बायकांना ते आधीपासून माहीत होतं. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने थेट तुरुंगात पाठवण्याची व्यवस्था सुरू केली. कागद वेगाने पोहोचू लागला हे चांगलंच झालं. जामीनदार मात्र अशा व्यवस्थेतून मिळत नाही.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या समारंभात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी छापील भाषण संपल्यावर आपल्या मनातलं हिंदीत सांगितलं. क्षुल्लक गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत पडलेली गरीब माणसं, त्यांना सोडवायला न येणारे घरचे, कारण सोडवायचं तर घरातली भांडीकुंडी विकावी लागतात, हे एका आदिवासी बाईने देशाच्या सरन्यायाधीशांसमोर बोलून दाखवलं. त्यानंतरच्या दोन घडामोडी नोंदवण्यासारख्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळून महिना झाला तरी जातमुचलका किंवा जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. २०२३ च्या नियमांनुसार तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न आल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकार भरणार होतं. निर्णय जिल्ह्याची समिती घेते. अमली पदार्थ, आर्थिक अफरातफर, दहशतवाद अशा कायद्यांखालचे आरोपी योजनेच्या बाहेर आहेत.

योजना चांगली आहे. तिचा लाभ घ्यायचा तर तुरुंगातून नाव कळवायला हवं, विधी सेवा प्राधिकरणाने चौकशी करायला हवी, समितीची बैठक व्हायला हवी. पुन्हा तोच प्रश्न येतो: तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कोण नेणार? कैदी नेऊ शकत नाही, आणि त्याची बायको खाडा किती वेळा करणार? जिथे ‘प्रयास’सारख्या संस्थेचा माणूस तुरुंगात रोज जातो तिथे कागद हलण्याची आशा असते. बाकीच्या जिल्ह्यांत तो हलवायला कुणी नाही.

पैशाचा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि त्याची दखल घ्यावी तेवढी घेतली गेली नाही. १ मे २०२२ रोजी, महाराष्ट्र दिनी, येरवड्याच्या कारागृहात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, जामीनदार नको, तारण नको. फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. देशात असा हा पहिलाच प्रयोग होता. बँकेने कर्ज देताना तारण धरलं ते आत घडणाऱ्या कामाला: सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी. ही मजुरी तुटपुंजी आहे. २०२३ च्या वाढीनंतरही कुशल बंद्याला दिवसाला ७४, अर्धकुशलला ६७ आणि अकुशलला ५३ रुपये. तरीसुद्धा जन्मठेपेतला माणूस मुलीच्या शिक्षणासाठी किंवा आईच्या आजारपणासाठी काही हजार रुपये एकरकमी घरी पाठवू शकतो, ही गोष्ट लहान नाही. घरात ज्याचं नाव निघालं की सगळे गप्प होतात, त्याच्याकडून पैसे आले की त्याची जागा थोडी परत उभी राहते. दिवाळीच्या सुमारास येरवडा, ठाणे, नागपूर अशा कारागृहांबाहेर बंद्यांनी केलेल्या वस्तूंची विक्री लागते. आकाशकंदील, सतरंज्या, लाकडी पाट. घेणाऱ्याच्या पैशातला थोडा वाटा याच मजुरीत जातो.

मुलांचं काय, हा प्रश्न या सगळ्यांत अवघड. काही मुलं आईबरोबर आतच असतात. २०२२ अखेर देशात १,५३७ बायकांसोबत १,७६४ मुलं तुरुंगात राहत होती. आर. डी. उपाध्याय खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी नियम घालून दिले. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्याला कैदी मानायचं नाही. पाळणाघर, बालवाडी, वेगळा आहार द्यायचा. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात करायचं आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ द्यायचं नाही. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल बाहेर. त्या दिवसाची तयारी आधीपासून करावी लागते: आजी सांभाळील का, नसेल तर बालगृह कुठलं, दोन भावंडं एकत्र राहतील का, आईला भेटायला कोण आणील. भायखळ्यात ‘प्रयास’च्या कार्यकर्त्या हे बारकावे आईशी बसून ठरवतात. मूल आईपासून तुटू नये यासाठी त्या झटतात, आणि त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा मानायला हवा.

बाहेर राहिलेल्या मुलांची मोजदादच होत नाही. अटक करताना किंवा शिक्षा सुनावताना ‘याच्यामागे मुलं किती, त्यांना कोण बघतं’ हे विचारणारा रकाना व्यवस्थेत नाही. महाराष्ट्रात या मुलांसाठी एक भक्कम आधार मात्र आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईवडील नसलेल्या किंवा सांभाळू न शकणाऱ्या मुलांना संस्थेत न टाकता नात्यातल्या किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढवता यावं म्हणून दरमहा २,२५० रुपये देणारी ही योजना तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांनाही लागू आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीचा. कागदांत पालक तुरुंगात असल्याचा दाखला लागतो, तो कारागृहाकडून मिळवायचा. नातवंडं सांभाळणारी, लिहितावाचता न येणारी आजी ही वारी एकटीने करू शकत नाही. गावातली अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य तिच्यासोबत गेला तर करू शकते.

नवऱ्याने बायकोचा खून केला, अशा घरात हे सारं आणखी गुंतागुंतीचं होतं. आई गेली, बाप आत. मुलं आईच्या माहेरी गेली तर तिथे बापाचं नाव काढायची सोय नसते, आणि बापाकडच्यांकडे राहिली तर आईबद्दल बरंवाईट ऐकावं लागतं. याच मुलांच्या बाबतीत गुन्ह्याचा बळी आणि गुन्हेगाराचं कुटुंब अशी विभागणी करताच येत नाही. ‘कैद्यांचे लाड कशाला, ज्यांचं नुकसान झालं त्यांचं बघा’ असं म्हणणाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. गुन्ह्याने उद्ध्वस्त झालेल्या घराचा हक्क पहिला आहे, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेसारख्या मदतीसाठीही पीडितांना जे हेलपाटे घालावे लागतात ते लाजिरवाणे आहेत. पण कैद्याच्या सात वर्षांच्या मुलीची शाळा सुटल्याने कुणालाच न्याय मिळत नाही.

काच मधे असली की लहान मूल बापाला ओळखेनासं होतं, हे अधिकाऱ्यांनाही जाणवलं असावं. राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ठरल्या दिवशी शिक्षाबंद्यांची मुलं आत येतात आणि काही वेळ बापाच्या मांडीवर बसतात, त्याच्या हातून खाऊ खातात. कोविडच्या काळात मुलाखती बंद झाल्यावर व्हिडिओ कॉलवरची भेट सुरू झाली, ती पुढेही राहिली. २०२३ मध्ये येरवड्यापासून स्मार्ट कार्डाच्या फोनची सोय आली; नाण्यांचे जुने डबे बंद पडत, त्यासाठी ताटकळावं लागे. गडचिरोलीच्या आईला नागपूरची फेरी न करता मुलाचा आवाज ऐकू येऊ लागला. बायकांना मात्र यातलं कमीच वाट्याला येतं. पुरुष आत गेला तर बायको, आई, बहीण रांगेत उभी राहते. बाई आत गेली की नवरा क्वचित येतो, सासर दार लावून घेतं आणि माहेरही लोकलाजेपुढे हात टेकतं.

कुटुंब आणि कैदी यांना तोडायचंच नाही, असं कुणी ठरवलं तर? हा विचार महाराष्ट्राच्या मातीत फार पूर्वी रुजला होता. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते गांधींच्या प्रभावाखाली आले, भारतानंद नावाने ओळखले जाऊ लागले आणि औंधच्या राजाच्या विश्वासातले झाले. त्याच वर्षी औंधने प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली. त्याच उमेदीत फ्रीडमन यांनी राजाकडे कैदी मागितले. खुनासारख्या गुन्ह्यांतल्या माणसांना बेड्या न घालता माळरानावर आणायचं, त्यांनी शेती करायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. भिंत नाही, बंदूक नाही. राजपुत्र अप्पासाहेब पंत, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झालेले, या प्रयोगाचे साक्षीदार होते.

याच प्रयोगावरून आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपट सगळ्यांच्या लक्षात राहिला. ज्या गावावरून तो निघाला ते गाव अजूनही कारागृह खात्याची खुली वसाहत आहे, हे कितीकांना माहीत असेल? संस्थान गेलं, पण वसाहत टिकली. निवडक शिक्षाबंदी कुटुंबासह तिथे राहतात, शेती कसतात, मुलं शाळेत जातात.

तिथली क्षमता अगदी थोडी आहे. पैठण, मोर्शी, येरवडा इथेही खुली कारागृहं आहेत, पण तिथे कुटुंब सोबत नसतं. राजस्थानने मात्र या दिशेने बरंच अंतर कापलं. जयपूरजवळच्या सांगानेरच्या खुल्या शिबिरात १९६० च्या दशकापासून शिक्षाबंदी घरच्यांसह राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परततात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी कारखान्यात जातो, आणि खर्च आपल्या कमाईतून करतो. ज्या राज्यात ही कल्पना आधी फुलली त्या महाराष्ट्राने तिला एका माळापुरतं ठेवावं, हे खटकतं.

काही समाजांना तर तुरुंगाचं दार जन्मापासून जवळ असतं. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिली धाड पडते. आत गेल्यावरही जात सुटत नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातवार कामवाटपाचा शोध घेतला आणि मग त्याविरुद्ध याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमांतले असे भेद घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. पालावरच्या बाईला मात्र जामीनदार आजही मिळत नाही. कायमचा पत्ता नसेल तर कोर्ट तिच्या माणसावर भरवसा ठेवायला कचरतं.

सुटकेनंतरच्या दिवसांसाठीही व्यवस्था आहे, निदान नावाने. जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मुक्तबंद्याला धंद्यासाठी मदत, तात्पुरता निवारा, सल्ला हे त्यांचं काम. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाला तुरुंगात न पाठवता परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरीच ठेवण्याची सोय केली. दंडाधिकारी तिचा वापर अगदी हात राखून करतात, कारण चौकशी अहवाल लिहायला अधिकारी अपुरे पडतात. रजेचंही तसंच. शिक्षाबंद्याला काही दिवस घरी जाऊ देणारी संचित रजा आणि अभिवचन रजा मंजूर करताना स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवतात. हवालदार गावात येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, ‘हा आला तर तुम्हाला भीती आहे का?’ कागदावर उमटणारं एक वाक्य माणसाची घरची दिवाळी ठरवतं. तंटामुक्तीसाठी पुरस्कार घेणाऱ्या गावांनी आपल्यापैकी कोण आत आहे, त्याचं घर कसं चाललंय, रजेवर आला तर त्याला सांभाळायला कोण पुढे होईल, हे ग्रामसभेत एकदा बोलून पाहायला हरकत नाही.

सुटलेल्या माणसाला काम मिळवून देण्याचा ‘प्रयास’चा मार्ग वेगळा आहे. बाहेर आलेल्या तरुणाला किंवा बाईला ते एकदम बाजारात ढकलत नाहीत. आधी एखाद्या सामाजिक संस्थेत काही महिने मदतनीस म्हणून ठेवतात, विद्यावेतन देतात. संस्थेतल्या लोकांना त्याचा इतिहास माहीत असतो, त्यामुळे लपवाछपवी नसते. वेळेवर यायचं, सुट्टी सांगून घ्यायची, वरिष्ठ ओरडला तर ऐकून घ्यायचं, पगार महिनाभर पुरवायचा, या गोष्टींची सवय आतल्या वर्षांत मोडलेली असते. ती इथे परत लागते. दरम्यान आधार कार्ड, बँक खातं, रेशन कार्डावरचं नाव अशी कागदांची जुळवाजुळव होते, उरलेल्या तारखांना कार्यकर्ता सोबत कोर्टात जातो, घरच्यांशी बोलणं सुरू राहतं. मग कुणी डिलिव्हरीच्या कामाला लागतो, कुणी भाजीची गाडी टाकतो, कुणी शिवणकाम घेतं. काहीजण पुन्हा पकडलेही जातात. तेव्हा कार्यकर्ता परत आत जाऊन भेटतो आणि घरी कळवायचं आहे का, ते विचारतो.